कर्ता जातो, क्रियाविशेषण राहते

इंग्रजीच्या शालेय परीक्षेत 'व्हॉइस बदला' हा प्रश्न ठरलेला असतो. कर्म उचलून वाक्याच्या आरंभी ठेवायचे, 'बी' या क्रियापदाचे योग्य रूप घ्यायचे, मूळ क्रियापदाचे तिसरे रूप लावायचे आणि कर्त्याला 'बाय' जोडून शेवटी पाठवायचे, एवढ्या कृतीवर गुण मिळतात. वाक्यातील क्रियाविशेषणाचे आणि विशेषणाचे काय करायचे, याची चर्चा वर्गात क्वचितच होते. पुढे इंग्रजीत अहवाल, तक्रार किंवा करारनामा लिहिण्याची वेळ आली की याच दोन शब्दजातींमुळे वाक्याचा अर्थ बदलतो. कधी तर जबाबदारीही एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते.

जागा कोणती?

क्रिया कशी घडली हे सांगणारे क्रियाविशेषण इंग्रजी कर्मणी रचनेत बहुधा तिसऱ्या रूपाला लागून, त्याच्या आधी बसते. 'द रिपोर्ट हॅज बीन केअरफुली चेक्ड' हे त्याचे साधे उदाहरण. याउलट बोलणाऱ्याची खात्री किंवा शंका दाखवणारे क्रियाविशेषण पहिल्या साहाय्यकारी क्रियापदानंतर येते, जसे की 'द रिपोर्ट हॅज प्रोबेबली बीन चेक्ड'. दोन्ही एकाच वाक्यात आली तरी आपापली जागा सोडत नाहीत: 'द रिपोर्ट हॅज प्रोबेबली बीन केअरफुली चेक्ड'. शंका बाहेरच्या बाजूला राहते आणि रीत क्रियेजवळ.

'वेल' या शब्दाचे वर्तन विशेष लक्षणीय आहे. कर्तरी वाक्यात तो क्रियापदाच्या आधी चालत नाही. 'शी वेल रोट द रिपोर्ट' असे कोणी म्हणत नाही, 'शी रोट द रिपोर्ट वेल' असेच म्हणावे लागते. तेच वाक्य कर्मणी केले की 'द रिपोर्ट वॉज वेल रिटन' ही रचना सहज होते. म्हणजे व्हॉइस बदलताना केवळ क्रियापदाचे रूप बदलून भागत नाही, त्याच्या शेजाऱ्यांची जागाही बदलावी लागते. हीच जोडी नामाच्या आधी आली तर 'अ वेल-रिटन रिपोर्ट' अशी मध्ये संयोगचिन्हाने जोडली जाते. 'ली' प्रत्यय असलेल्या क्रियाविशेषणानंतर मात्र हे चिन्ह सहसा देत नाहीत.

क्रिया की स्थिती?

क्रियापदाचे तिसरे रूप हे क्रियापद आणि विशेषण यांच्या उंबरठ्यावर उभे असते. 'द शॉप वॉज क्लोज्ड ॲट सिक्स' या वाक्याचे दोन अर्थ होतात. सहा वाजता दुकान बंद करण्यात आले, हा एक. सहा वाजता पाहिले तेव्हा दुकान बंद होते, हा दुसरा. मराठीत 'बंद करण्यात आले' आणि 'बंद होते' अशी वेगळी रूपे असल्याने घोटाळा होत नाही. इंग्रजीत हा निवाडा पुष्कळदा क्रियाविशेषणाला करावा लागतो. 'वॉज हरीडली क्लोज्ड' म्हटले की क्रिया दिसते, कारण घाई करायला माणूस लागतो. 'वॉज स्टिल क्लोज्ड' म्हटले की स्थिती दिसते.

रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या इंग्रजी व्याकरणात क्रियावाचक आणि विशेषणवाचक कर्मणी असा स्पष्ट भेद केलेला आहे. तो ओळखण्याच्या काही सोप्या कसोट्या आहेत. 'वॉज'च्या जागी 'सीम्ड' किंवा 'रिमेन्ड' घालून वाक्य टिकले, तर तिसरे रूप विशेषण म्हणून आलेले असते. 'वॉज बीइंग' घालून टिकले, तर ते क्रियापद असते. चोरीच्या तक्रारीत 'द डोअर वॉज लॉक्ड' एवढेच लिहिले, तर दाराला आधीपासून कुलूप होते की त्या वेळी कोणी लावले, हे कळत नाही. 'ऑलरेडी' हा एक शब्द घातला की प्रश्न मिटतो.

'व्हेरी' की 'मच'?

याच उंबरठ्यावर 'व्हेरी' हा शब्द पहारेकऱ्याचे काम करतो. तो विशेषणाला आत घेतो आणि क्रियापदाला अडवतो. 'वरीड', 'टायर्ड', 'इंटरेस्टेड' ही रूपे वापराने पूर्ण विशेषणे झाली आहेत, म्हणून 'व्हेरी वरीड' चालते. 'व्हेरी बिल्ट' किंवा 'व्हेरी अरेस्टेड' चालत नाही. मधल्या रूपांसाठी इंग्रजीने ठरावीक सोबती नेमलेले आहेत: 'मच ॲडमायर्ड', 'वाइडली यूज्ड', 'हेविली क्रिटिसाइज्ड', 'बॅडली डॅमेज्ड'. हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी शब्दवापराच्या कोशातही 'व्हेरी' आणि 'मच' यांच्या या वादाची दखल घेतली आहे.

मराठीभाषक येथे अडखळतो, कारण 'खूप' आणि 'फार' हे शब्द विशेषणालाही लागतात आणि क्रियापदालाही. 'खूप दमला', 'खूप मोठा', 'खूप बोलला' हे सारे एकाच शब्दात भागते. त्या सवयीने 'व्हेरी डॅमेज्ड' लिहिले जाते. तेथे 'बॅडली डॅमेज्ड' हवे असते.

'ली' कोठे लागत नाही

कर्मणी क्रियापदापुढे नेहमी क्रियाविशेषणच यावे, हा समजही बरोबर नाही. 'द वॉल वॉज पेंटेड ग्रीन', 'ही वॉज फाउंड गिल्टी', 'द गेट वॉज लेफ्ट ओपन' या वाक्यांत शेवटचा शब्द विशेषण आहे. तो क्रियेची रीत सांगत नाही, ज्याच्यावर क्रिया झाली त्याची अवस्था सांगतो. रंगवण्याची पद्धत हिरवी नव्हती, भिंत हिरवी झाली. म्हणून अशा ठिकाणी 'ली' लावला की वाक्य बिघडते.

एक जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'द फूड वॉज सर्व्ड कोल्ड' म्हणजे जेवण गार वाढले. 'द गेस्ट्स वेअर कोल्डली रिसीव्ड' म्हणजे पाहुण्यांचे स्वागत कोरडेपणाने झाले. पहिल्यात गारपणा अन्नाचा आहे, दुसऱ्यात यजमानाच्या वागण्याचा.

मराठीत ही सीमारेषा पुसट आहे. 'लेख चांगला लिहिला आहे' या वाक्यात 'चांगला' हा शब्द लिहिण्याची रीत सांगतो, तरी 'लेख' या शब्दाच्या लिंगवचनाप्रमाणे चालतो. 'कविता चांगली लिहिली आहे' म्हणताना तोच बदलतो. 'द आर्टिकल इज रिटन गुड' ही चूक पुष्कळदा या सवयीतून येते.

मन कोणाचे?

सर्वांत नाजूक प्रश्न मनोवृत्ती दाखवणाऱ्या क्रियाविशेषणांचा आहे. 'द बोर्ड रिलक्टंटली ट्रान्सफर्ड द क्लार्क' या कर्तरी वाक्यात नाखुषी मंडळाची आहे, याबद्दल शंका राहत नाही. 'द क्लार्क वॉज रिलक्टंटली ट्रान्सफर्ड' असे केले की दोन वाचने शक्य होतात. बदली करणारे नाखूष होते, किंवा ज्याची बदली झाली तो लिपिक नाखूष होता. व्याकरणातील कर्ता आणि प्रत्यक्ष क्रिया करणारा यांची फारकत झाल्यामुळे क्रियाविशेषणाला दोन धनी मिळतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेंडॉफ यांनी १९७२ मधील आपल्या ग्रंथात या वर्गातील क्रियाविशेषणांचा विचार केला आहे. व्यवहारात यावर उपाय एकच: संमती, हेतू किंवा नाखुषी यांचा उल्लेख असलेले वाक्य कर्तरीत लिहावे. निदान ती कोणाची, हे नाव घेऊन सांगावे.

'क्लिअरली' हा शब्दही असाच दुहेरी आहे. 'द रूल्स वेअर क्लिअरली एक्सप्लेन्ड' म्हणजे नियम स्पष्टपणे समजावून सांगितले. 'द रूल्स वेअर क्लिअरली ब्रोकन' म्हणजे नियम मोडले गेले, हे उघड आहे. दुसऱ्या वाक्यातील स्पष्टता लिहिणाऱ्याच्या मताची आहे. तक्रारीत किंवा चौकशी अहवालात असा शब्द पुरावा असल्याचा आभास निर्माण करू शकतो.

चुका झाल्या, कोणी केल्या?

जॉर्ज ऑरवेल यांनी १९४६ मधील निबंधात, कर्तरी शक्य असेल तेथे कर्मणी वापरू नये, असा सल्ला दिला. त्यामागचा हेतू जाणण्यासाठी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे जानेवारी १९८७ मधील अमेरिकी संसदेपुढील भाषण पाहण्यासारखे आहे. इराणशी झालेल्या शस्त्रव्यवहाराच्या संदर्भात त्यांनी गंभीर चुका झाल्याचे मान्य केले. त्यांचे शब्द होते 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड'. येथे 'सीरियस' हे विशेषण चुकांना वजन देते, पण त्या करणाऱ्याकडे बोट दाखवत नाही. त्याच वाक्यात 'नोइंगली' किंवा 'डेलिबरेटली' असते, तर कोणी जाणूनबुजून केल्या, हा प्रश्न ऐकणाऱ्याने तत्काळ विचारला असता. रीत आणि हेतू सांगणारी क्रियाविशेषणे गाळलेल्या कर्त्याला मागच्या दाराने परत आणतात. नामाला लागलेली विशेषणे तसे करीत नाहीत.

म्हणून कर्मणी रचना मुळात दोषी नाही. 'द ब्रिज वॉज बिल्ट इन १९३२' या वाक्यात कर्त्याची गरजच नसते. मात्र एखादी नोटीस, करार किंवा खुलासा वाचताना कर्मणी वाक्य आले, की त्यातील क्रियाविशेषण कोणाची रीत किंवा कोणाचे मत सांगते, आणि ते अजिबात नसेल तर का नाही, हे तपासून मगच सही करणे हिताचे ठरते.