दिवाळीची धून आणि आपली यादी

१ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १९७६पासून त्या दूरदर्शनवरही दिसू लागल्या. पहाटेचा गारवा, अभ्यंगस्नान, आईच्या हातचं तेल-उटणं हे सगळं आपल्याच घरातलं. मोती साबणाच्या जाहिरातीने त्यालाच साद घातली आणि नरक चतुर्दशीच्या उटण्याशेजारी साबणाची वडी मानाने येऊन बसली. सनईचे सूर ऐकले की जीव हळवा होतो, हे कंपन्यांनी नेमकं ओळखलं. ती धून आपण गुणगुणतो, त्यात गैर काही नाही. पण तिच्यातली माया आपल्या घरची आहे, ती विकत आणावी लागत नाही. म्हणून आम्ही गटात ठरवलंय: आधी यादी, मग बाजार. आणि उटणं मात्र गटातच करायचं!