डोंग्यातली बारा माणसं

एका वेळी बाराच माणसं. तेराव्याचा फोन आला की मी त्याचं नाव पुढच्या महिन्यात टाकते. हा आकडा माझा नाही, शिवनाथ नदीच्या काठावरच्या एका केवटाचा आहे. पहिल्यांदा भिलाईहून मदकूद्वीप बेटावर माणसं घेऊन गेले तेव्हा अख्खी बस भरली होती. एकतीस जण, चार सतरंज्या, एक मोठं पातेलंभर मसालेभात. केवटानं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या डोंग्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बारा झन, दाई. ओखर ले जादा नइ." तीन खेपा झाल्या. तिसरी खेप उतरत होती तेव्हा पहिल्या खेपेतली मंडळी सगळं बघून, भात खाऊन, हात धुऊन बसली होती. शेवटी उतरलेल्या काकूंना कुणीतरी सांगितलं, "विशेष काही नाही हो, दगड आहेत." त्या काकू पाण्यातून चप्पल हातात घेऊन आल्या होत्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

मी छत्तीसगडातल्या भिलाईची. बाबा 1958 साली नागपूरहून फिटर म्हणून पोलाद कारखान्यात आले. रशियाशी करार झाला 1955 मध्ये आणि पहिली झोतभट्टी पेटली 1959 च्या फेब्रुवारीत. माझा जन्म त्याआधीचा, त्यामुळे मी या गावाहून थोडी मोठीच आहे. रात्री स्लॅग ओतली की आभाळ लाल व्हायचं आणि आई म्हणायची, "झोपा, कारखान्याची पहाट झाली." अशा गावात वाढलेल्या मुलीनं आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, ही गंमतच. वर्गात पोरं विचारायची, "मॅडम, भिलाईला इतिहास आहे का?" मी म्हणायची, सायकल काढा आणि देवबलोद्याला जा.

मला तिथे बाबांनीच नेलं होतं, सायकलच्या दांडीवर बसवून, महाशिवरात्रीच्या जत्रेला. चरोद्याजवळचं हे तेराव्या शतकातलं, कलचुरी राजांच्या काळातलं शिवमंदिर. त्याला शिखर नाही, आणि का नाही त्याची कथा जत्रेत शेंगदाणेवालाही सांगतो. कारागीर रात्री विवस्त्र होऊन काम करायचा, जेवण घेऊन बायको यायची. एका रात्री बायकोऐवजी बहीण आली. लाजेनं त्यानं शेजारच्या कुंडात उडी घेतली. कुंडातून म्हणे आरंगपर्यंत भुयार आहे. बाबांनी कथा सांगून झाल्यावर नंदीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "भुयाराचं सोड. हा दगड किती गुळगुळीत केलाय बघ, फाईल मारल्यासारखा." मला जुनी जागा कशी बघायची ते तिथे कळलं.

देवबलोद्याला रेल्वेचं स्टेशन आहे. सिरपूरच्या जुन्या विहारांपर्यंत चांगला रस्ता आहे. वाटलं की निघावं, कुणाला विचारायला नको. बेटाचं तसं नाही, तिथे कुणीतरी न्यावंच लागतं. मदकूचा इतिहास मला तरी अशा नेणाऱ्यांचा वाटतो.

शिवनाथ ही आमच्या दुर्गचीच नदी. गडचिरोलीच्या सीमेजवळच्या डोंगरांतून येते, दुर्गला वळसा घालते, सिमग्याजवळ खारून तिला मिळते आणि पुढे ती महानदीला जाऊन मिळते. मधे, रायपूर-बिलासपूर रस्त्यावरच्या बैतलपूरपासून थोडं आत, तिचे दोन फाटे होतात आणि त्यांच्या कुशीत सुमारे 24 हेक्टरचं बेट राहतं. आम्ही भिलाईच्या सिव्हिक सेंटरहून पहाटे साडेपाचला निघतो, धमधा-बेमेतरा मार्गे. नांदघाटला चहा आणि गरम उडदाचा बडा. वाटेत मी काही बोलत नाही, लोकांना झोपू देते. गाइडनं गाडीत माईक हातात घेतला की पुढच्या जागेवर कान मेलेले असतात.

घाटावर पहिली गोष्ट नावाची निघते. बेट वरून बेडकासारखं दिसतं, म्हणून मंडूक, म्हणून मदकू. मग मांडूक्य ऋषी आले, मांडूक्य उपनिषद इथेच लिहिलं गेलं असं झालं, आणि शेवटी 'सत्यमेव जयते' इथलंच, असंही झालं. पहिल्या वर्षी मी डोंग्यातच शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की ते वचन मुंडक उपनिषदातलं आहे, मांडूक्यातलं नव्हे. मांडूक्यात तर बाराच मंत्र. केवट वल्हवायचा थांबला नाही, पण तोपर्यंत चाललेलं त्याचं बोलणं थांबलं. परतीच्या खेपेतही तो गप्प. आता ही दुरुस्ती मी करते, पण उतरल्यावर, झाडाखाली, आमच्यापुरती. बेडकाच्या आकाराबद्दल मात्र माझं मत असं की ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना बेट वरून दिसायची सोय नव्हती. मग बेडूक कुणी पाहिला? पावसाळ्यात तिथे बेडूक पुष्कळ असतात, एवढं पुरे.

बेटावर माणूस येत होता तो फार जुन्या काळापासून. दगडाची बारीक, नखाएवढी हत्यारं इथे मिळाली आहेत. पण माझ्या मंडळींचा जीव रमतो तो शिलालेखात. 1959-60 च्या भारतीय पुराभिलेखांच्या वार्षिक अहवालात मदकूच्या दोन लेखांची नोंद आहे. एक शंखलिपीतला. शंखासारखी वळणं घेतलेली ही लिपी भारतात ठिकठिकाणी सापडते आणि आजवर सर्वमान्य असं वाचन कुणाला जमलेलं नाही. दुसरा ब्राह्मीतला, साधारण तिसऱ्या शतकातला, आणि त्यात अक्षयनिधीचा उल्लेख आहे. अक्षयनिधी म्हणजे मुद्दल मोडायचं नाही, व्याजावर देवाधर्माचं चालवायचं. कारखान्यातून निवृत्त झालेल्या बारा माणसांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही, त्यांचं घर त्यावरच चालतं. मी त्यांना नाशिकच्या पांडवलेण्यांमधला उषवदाताचा लेख सांगते. त्यानं तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. दोन हजारांवर शेकडा एक, हजारावर शेकडा पाऊण. "वर्षाला?" एकदा रोलिंग मिलमधल्या एका काकांनी विचारलं. महिन्याला, म्हटलं. काका नदीकडे बघत बोटांवर हिशेब करू लागले. "म्हणजे सालाना बारा टक्के. आणि दगडावर लिहून!"

म्हणजे इथे कुणीतरी तिसऱ्या शतकात पैसे ठेवून गेलं, पुढच्यांनी येत राहावं म्हणून. लोक पुढे येत राहिले, मग देवळं उभी राहिली ती कलचुरींच्या काळात. 2010-11 मध्ये राज्याच्या पुरातत्त्व विभागानं इथे खोदकाम केलं तेव्हा ओळीनं एकोणीस लहान देवळं निघाली. अठरा पूर्वेला तोंड करून, एक पश्चिमेला. आतमध्ये काय? बऱ्याच ठिकाणी एकाच पीठावर पाच लिंगं, ज्याला स्मार्तलिंग म्हणतात. मराठी माणसाला ते चटकन ओळखता येतं. आपल्या आजीच्या देव्हाऱ्यातलं पंचायतन: शिव, विष्णू, देवी, सूर्य, गणपती. कुणाचं भांडण नको, सगळे एका ताम्हनात. आमच्या गटातली एक बाई त्या पीठापुढे इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं पाय दुखले. म्हणाली, "आमच्याकडे नर्मदेतला गोटा होता मधे. शिफ्टिंगमध्ये हरवला."

या देवळांपुढे मी एक चूक तीन-चार वर्षं करत होते. "बघा, हजार वर्षं असंच उभं आहे," असं सांगायची, आणि लोक माना डोलवायचे. मग एका खेपेला भट्टीच्या आत विटांचं अस्तर लावण्यात ज्यांची हयात गेली असे एक काका आले. छत्तीसगढी माणूस, आमच्या सेक्टरातले. देवळापाशी उकिडवे बसले, दोन थरांच्या मधल्या फटीत करंगळीचं नख घातलं आणि सरकवत कोपऱ्यापर्यंत नेलं. कोपऱ्याजवळ नख अडलं. "मॅडम, येला फेर बइठाय हें." परत बसवलंय हे. वरच्या दगडाच्या कडा झिजलेल्या, खालच्याच्या कोऱ्या. एका थराची झीज दुसऱ्याशी जुळत नाही. घरी येऊन वाचलं आणि खरंच होतं. उत्खननात पडलेले दगड निवडून, जुळवून देवळं पुन्हा रचली आहेत. मी उभं असलेलं पाहिलं आणि उभंच होतं असं धरून चालले. आता त्या कोपऱ्यापाशी प्रत्येकाला नख घालायला लावते. मला वाटतं, मी सांगते त्यातली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि ती माझी नाही.

मराठी माणसांना घेऊन छत्तीसगडात फिरायचं तर एक अवघड वळण येतंच. हे कलचुरी कोण, हे जगाला वाचून दाखवलं ते नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशींनी. त्यांचा कलचुरी-चेदी लेखांचा ग्रंथ 1955 साली आला. त्याच सुमारास, 1953 ते 1956, मोरेश्वर गंगाधर दीक्षित सिरपूर खणत होते आणि तिथला आनंदप्रभू विहार बाहेर काढत होते. इथवर सगळ्यांच्या छात्या फुगतात. मग कुणीतरी विचारतं, कलचुरी गेले कुठे? तर त्यांचं राज्य संपवलं तेही आपणच. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालवर स्वारीला निघाले असता वाटेत कलचुरींची राजधानी रतनपूर घेऊन गेले. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहिले, देवळं बांधली, 1787 मध्ये वारले. त्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले आणि वसुली राहिली. एका खेपेला आमच्यात सेक्टरातल्या जुन्या शेजारीण, एक बंगाली बाई होत्या. भास्करपंतांचं नाव निघताच म्हणाल्या, "ओ बाबा, भास्कर पंडित! लहानपणी आम्हाला याच्या नावानं झोपवायचे." 1744 मध्ये अलीवर्दी खानानं बोलणीला बोलावून त्यांना मारलं. आमच्याकडे ती दगाबाजी, त्यांच्याकडे सुटका. दोघी एकाच डब्यातली ठेठरी खात होतो, म्हणून बरं.

मुख्य वाटेपासून दूर असलेल्या बेटाला या सगळ्याचं सोयरसुतक नव्हतं. पण रिकामंही ते राहिलं नाही. बैतलपूरच्या बाजूला इव्हँजेलिकल मिशननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांदखुरीचा कुष्ठाश्रम काढला आणि 1909 पासून मदकूवर दर फेब्रुवारीत ख्रिस्ती मेळा भरू लागला. अजून भरतो. तंबू, चुली, सतरंज्या, भजनं; आसपासच्या गावांतली कुटुंबं दिवसेंदिवस राहतात. आमची एक खेप मुद्दाम त्या दिवसांत असते. पहिल्यांदा आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली, देवळांच्या बेटावर हे काय म्हणून. मेळ्यातल्या एका आजीनं आम्हाला चुलीपाशी बसवून लाल चहा दिला आणि सांगितलं की तिच्या आजीला तिच्या बाबांनी डोंग्यातून इथे आणलं होतं. तिच्यापाशीही बेटाची गोष्ट म्हणजे कुणी कुणाला आणलं हीच होती. शिवाय त्या मेळ्यात लोक उतरत होते तेव्हा एकोणीस देवळं मातीखालीच होती, हे मी नाक मुरडणाऱ्यांच्या कानात सांगितलं.

माझा पुतण्या पुण्यात सहली काढतो, तो म्हणतो, काकू, हे वाढव. घारापुरीला बघ, लाँचवर लाँच लागतात. मी घारापुरीला गेले आहे. त्रिमूर्तीसमोर मला पुढच्या माणसाची टोपी दिसली. उलट तोच सांगत होता की लांबच्या ईस्टर बेटावर आता स्थानिक वाटाड्या बरोबर असल्याशिवाय त्या मोठ्या पुतळ्यांपाशी सोडत नाहीत. तिथल्या लोकांनी शहाणपणा केला, म्हटलं. आमच्याकडे तो केवटानं आधीच केला.

अर्थात आता डोंग्याशिवायही जाता येतं. नदीवर ॲनिकट, म्हणजे बुटका बंधारा, झाला आहे. पाणी कमी असलं की दुसऱ्या बाजूनं त्यावरून चालत, कुणी मोटारसायकल ढकलतही पोचतं. पोरं येतात, फोटो काढतात, तासाभरात परत. मला त्यांचा राग नाही, पण डोंग्यातून येणारा माणूस काठ सुटल्यावर आपोआप गप्प होतो, तो गप्पपणा ॲनिकटवर होत नाही. केवटाची खेप कमी झाली आहे. तो आता जाळं जास्त टाकतो. आम्ही येणार असलो की मी आदल्या दिवशी फोन करते आणि तो डोंग्यातलं पाणी उपसून ठेवतो.

गेल्या जानेवारीत परतायला उशीर झाला. ऊन उतरलं होतं, नदीवर धूर धरला होता. सगळे बसले, मी शेवटी चढले, डबे पायाशी ठेवले. केवटानं बांबू टेकवला आणि डोकी मोजली. परत मोजली. "अकरा हे, दाई."

मी मागे पाहिलं. झाडांमधून काही दिसेना. हाक मारली तर उत्तर नाही. कुणीतरी म्हणालं, अंधार पडतोय, फोन लावा. केवटानं बांबू आडवा ठेवला, डोंग्याच्या टोकाला बसला आणि विडी पेटवली. विडी अर्धी झाली तेव्हा भट्टीवाले काका आले, सावकाश, उजव्या हाताची करंगळी डाव्या मुठीत धरून. नख तुटलं होतं.

"पश्चिममुखी वाला," ते चढता चढता म्हणाले, "ओकर एक कोन्टा घलो देखे बर रहिस."