शेणव्याचे पत्र आणि अक्षरांचा संकेत

शहापूर-मुरबाडच्या मुलखातील एखाद्या जुन्या दप्तरातून मोडीचा कागद हाती आला, तर तो आपल्याला लागो वा न लागो, कारकुनाच्या बोरूने काढलेली वळणेच आपल्या डोळ्यांपुढे असतात. ई-मेलच्या बाबतीत ही शाश्वती उरत नाही. कारण येथे अक्षर जातच नाही, जातात केवळ आकडे, आणि ते कोणत्या कोष्टकावरून लावायचे याची वर्दी पाठवणाऱ्यालाच सोबत द्यावी लागते.

१९८२ साली या टपालाचा जो नियम ठरला, त्यात १२८ चिन्हांपुरतीच, म्हणजे मुख्यतः रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांचीच तरतूद होती. १९९२ मध्ये आलेल्या माइम पद्धतीने पत्राच्या शीर्षभागी अक्षरसंकेताचे नाव नमूद करण्याचा रिवाज घातला. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच इस्की ही संकेतावली मुक्रर केली होती, तरी रोजच्या वापरातील ई-मेल प्रोग्रामांत तिला क्वचितच थारा मिळाला. आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा मराठी माणसाच्या हाताशी होते ते श्रीलिपीसारखे फॉन्ट, ज्यांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर निर्मळ मराठी दिसे, पत्रावर शिक्का मात्र पाश्चात्त्य संकेताचा पडे, आणि ज्याच्यापाशी तोच फॉन्ट नसे त्याच्या वाट्याला रोमन अक्षरांचा निरर्थक गलबला येई. हे फॉन्ट घडवणाऱ्या कारागिरांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते; त्यांच्यापुढे निकड छापखान्याची होती, आणि छापील कागदाला संकेत सांगावा लागत नाही.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र घरे मिळाली, आणि त्यांचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतला गेला; येथील परिश्रम वाया गेले नाहीत, याचा मला आनंद वाटतो. पुढच्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचली, जिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. शहापूरकडच्या 'शेणवा' या गावाचेच नाव घ्या: श, एकाराची मात्रा, ण, व आणि काना, अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. मजकूर यूटीएफ-८ चा आणि शिक्का पाश्चात्त्य संकेताचा असला, तर एकट्या 'श'च्या जागी माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि परिच्छेदाची खूण अशी तीन परकी चिन्हे उमटतात. हा घोटाळा उलगडता येतो, कारण आकडे शाबूत असतात. परंतु प्रोग्राम मजकूरच पाश्चात्त्य संकेतात उतरवू लागला, तर तेथे 'श'ला घरच नसल्याने पाच चिन्हांबद्दल पाच प्रश्नचिन्हे रवाना होतात, आणि गावाचे नाव कायमचे नाहीसे होते.

म्हणूनच आउटलुक एक्सप्रेस या जुन्या ई-मेल प्रोग्रामाच्या 'ऑप्शन्स'मध्ये, 'सेंड'च्या पानावर, 'इंटरनॅशनल सेटिंग्ज' या आडबाजूच्या कळीमागे असलेल्या यादीला मी मराठी पत्रव्यवहाराच्या इतिहासात मानाची जागा देतो. कारण तेथे एकदा 'युनिकोड (यूटीएफ-८)' निवडले, की शेणव्याहून निघालेले पत्र मुंबईत काय आणि सातासमुद्रापार काय, सारखेच वाचता येई. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मराठीच्या 'ॲ'लाही स्वतःचे घर मिळाले, आणि आजचे प्रोग्राम बहुधा यूटीएफ-८ ची निवड आपण होऊनच करतात. फॉन्टच्या काळातील पत्रे मात्र घरोघरच्या जुन्या संगणकांत पडून आहेत. त्यांचे आकडे शाबूत आहेत, आणि लिहिताना कोणता फॉन्ट वापरला होता हे सांगणारी माणसे आहेत तोवर ती युनिकोडमध्ये उतरवून घेता येतील.