माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर: घरातल्या स्वस्त वस्तूचा इतिहास कसा शोधायचा?



"दादा, संशोधनाला विषय कसा शोधायचा?" पेटची तयारी करणारी मुलं-मुली हा प्रश्न हमखास विचारतात. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि सध्या पीएच.डी. करतोय. पातळ थरांवर प्रकाश टाकायचा आणि आकडे घ्यायचे, हे माझं रोजचं काम. म्हणजे इतिहासात मी तसा पाहुणाच. पण मागच्या दिवाळीत घर झाडताना माळ्यावर एक वस्तू सापडली. तिच्यामागे लागलो तेव्हा कळलं, की विषय शोधायला लांब जावं लागत नाही, फक्त प्रश्न नीट विचारावा लागतो.

आमचं गाव धाड. बुलढाणा तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळ. आणि ती वस्तू म्हणजे आमचा जुना डीव्हीडी प्लेअर. २००८ साली कापसाचे पैसे हातात आल्यावर बाबांनी तो बुलढाण्याहून आणला होता. मी तेव्हा सहावीत होतो.

प्रश्न आधी, माहिती नंतर

पहिला प्रश्न सुचतो तो असा: गावात डीव्हीडी प्लेअर कधी आला? हा प्रश्न कच्चा आहे. त्याचं उत्तर एक साल असतं आणि साल मिळालं की काम संपतं. पक्का प्रश्न असा: तो घरात आल्यामुळे काय बदललं? आता आपोआपच मागे जावं लागतं. आधी काय होतं, ते कळल्याशिवाय बदल मोजणार कसा?

म्हणून मी आधी घरातल्यांना बोलतं केलं. आधी होता तो 'व्हिडिओ आणणे' हा प्रकार. गणपतीत, बारशाला, नाहीतर सहज वर्गणी करून एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा. ओट्यावर टीव्ही, अंगणात गोणपाटं आणि सतरंज्या, आणि रात्रभरात तीन पिक्चर. ज्याचा सेट असायचा त्याचा माणूस शेजारीच बसायचा. कॅसेट तोच लावणार, तोच बदलणार. पहाट झाली की तारा गुंडाळून निघाला. झोप लागली, नाहीतर मधे लाइट गेली, तर राहिलेला पिक्चर राहिला तो राहिलाच. बाबा एका पिक्चरबद्दल अजून म्हणतात, "त्याचा शेवट मला पोराच्या जन्मानंतर कळला."

इथे मला माझं गृहीतक सापडलं. स्वस्त प्लेअरने घराला सिनेमा दिला असं म्हणता येत नाही, सिनेमा तर आधीही होता. प्लेअरने दिली ती 'पुन्हा बघण्याची' सोय. थांबवा, मागे न्या, परत लावा. भाड्याच्या वस्तूला हे जमत नाही, त्याला मालकी लागते.

मुलाखतीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. किंमत विचारली तर बाबा म्हणाले तेराशे, आई म्हणाली अठराशे. खोक्यात बिल सापडलं, त्यावर १,३५० रुपये. मग आई चुकली का? नाही. तिने त्याच दिवशी घेतलेला स्टॅबिलायझर धरला होता. तिच्या हिशोबात स्टॅबिलायझरशिवाय प्लेअर घरात येऊच शकत नव्हता. कागद आणि आठवण जुळत नसतील, तर एकाला लगेच खोटं ठरवू नका. दोघांनी काय काय मोजलंय ते बघा.

तो एवढा स्वस्त कसा झाला?

डीव्हीडीचं प्रमाणित रूप कसं असावं यावर मोठ्या कंपन्यांचं एकमत झालं १९९५ साली. पहिले प्लेअर नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये विक्रीला आले. तेव्हा ती श्रीमंताघरची वस्तू होती. बारा वर्षांत ती धाडमधल्या कापूसवाल्याच्या घरात कशी पोहोचली?

आमचा प्लेअर मी खोलून बघितला. आत जवळजवळ रिकामी जागा. एक वीजपुरवठ्याची पाटी, एक मुख्य चिप असलेली छोटी पाटी, आणि डिस्क फिरवणारा, लेसर बसवलेला तयार भाग, ज्याला कारागीर लोडर म्हणतात. व्हीसीआर खोलला तर याच्या उलट चित्र दिसतं: दातेरी चाकं, पट्टे, फिरणारा ड्रम, टेप बाहेर ओढणारे हात. ते सगळं अचूक जुळवावं लागायचं. डीव्हीडीत अवघड काम चिपकडे गेलं. चिप एकदा तयार झाली की लाखांनी छापता येते. मग चिप एकाकडून, लोडर दुसऱ्याकडून घेऊन पत्र्याच्या डब्यात बसवायचं काम चीनमधल्या असंख्य कारखान्यांनी सुरू केलं. पेटंटधारक कंपन्या आणि हे कारखाने यांच्यात स्वामित्वशुल्कावरून २००२च्या सुमारास मोठा वाद झाला. प्रत्येक प्लेअरमागे काही डॉलर द्यायचे की नाही, हा मुद्दा होता. वस्तूच इतकी स्वस्त झाली होती, की ते काही डॉलरसुद्धा जड वाटत होते.

दुसरी बाजू डिस्कची. प्लेअर स्वस्त आणि डिस्क महाग असेल तर उपयोग काय? मूळ डीव्हीडी तेव्हा शेकड्यांच्या भावात मिळायची. २००७ मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. एवढ्या किमतीत भाड्याने आणून परत नेऊन देण्यापेक्षा विकत घेणंच परवडतं. आमच्या खोक्यात ३४ रुपयांचं लेबल असलेल्या दोन डिस्क अजून आहेत. हीच कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. म्हणजे हा सगळा काळ जेमतेम दहा वर्षांचा.

सरकारी कागदात ही वस्तू कुठे आहे?

आता साधनं. आपण सगळे आधी जनगणनेकडे धावतो. २००१ मध्ये भारतातल्या ३१.६ टक्के घरांत टीव्ही होता, २०११ मध्ये ४७.२ टक्के घरांत. रेडिओ याच काळात ३५.१ वरून १९.९ टक्क्यांवर आला. आकडे चांगले आहेत, पण २०११च्या घरयादीच्या प्रश्नांत रेडिओ, टीव्ही, संगणक, फोन, सायकल, मोटारसायकल, कार असं सगळं आहे आणि डीव्हीडी प्लेअर नाही. जनगणनेपुरता आमचा प्लेअर अस्तित्वातच नव्हता.

मग तो मोजलाच गेला नाही का? गेला. राष्ट्रीय नमुना पाहणीची ६८वी फेरी, २०११-१२, घरगुती खर्चाची प्रश्नावली काढा. टिकाऊ वस्तूंच्या यादीत 'व्हीसीआर/व्हीसीडी/डीव्हीडी प्लेअर' अशी स्वतंत्र ओळ आहे. त्याहून मोलाची ओळ करमणुकीच्या खर्चात आहे: व्हीसीडी/डीव्हीडीचं भाडं, आणि पुढे कंसात, यंत्रासह. ही ओळ वाचली तेव्हा मी टेबलावर हात आपटला. यंत्र भाड्याने आणणं इतकं सर्रास होतं, की सरकारला त्याच्यासाठी रकाना ठेवावा लागला. माझ्या बाबांची आठवण आणि सरकारी प्रश्नावली एकच गोष्ट सांगत होत्या.

यातून धडा असा: निष्कर्षांचे तक्ते वाचण्याआधी प्रश्नावली वाचा. सरकारने काय विचारलं आणि काय नाही विचारलं, हेही इतिहासाचं साधनच आहे.

डिस्क स्वतःच बोलते

आता माझ्या शास्त्राचा भाग. घाबरू नका, गणित शाळेतलंच आहे.

एका थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात, म्हणजे साधारण ३७.६ अब्ज बिट. दोन तासांच्या, म्हणजे ७,२०० सेकंदांच्या एका पिक्चरला ही सगळी जागा दिली, तर सेकंदाला ५२ लाख बिट मिळतात. बाजाराच्या दिवशी पथारीवर मिळणाऱ्या 'सिक्स इन वन' डिस्कवर सहा पिक्चर असायचे. तेवढ्याच जागेत सहा बसवले, तर वाट्याला येतात सेकंदाला पावणेनऊ लाख बिट. साध्या व्हीसीडीतसुद्धा चित्रासाठी साडेअकरा लाख असतात! लहानपणी आम्हाला वाटायचं, मारामारी सुरू झाली की आपला प्लेअर बिघडतो, हिरोच्या तोंडाचे चौकोन होतात. प्लेअरचा काही दोष नव्हता. हालचाल वाढली की बिट कमी पडत होते.

वेष्टनही वाचायचं असतं. १९८४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५२अ हे कलम आलं. विकल्या जाणाऱ्या व्हिडिओ फिल्मवर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, तयार करणाऱ्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे, असं ते सांगतं. ३४ रुपयांच्या डिस्कवर हे सगळं बारीक अक्षरात आहे. सिक्स इन वनवर फक्त सहा हिरो. महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या १९८१च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सची भर घातली. ते साल आणि आमच्या खोक्यातल्या डिस्कची सालं शेजारी ठेवून बघा. कायदा कडक होत होता त्याच वर्षांत आमच्याकडे सगळ्यात जास्त डिस्क आल्या. त्यातल्या कितीकांना ५२अ लागू पडत होतं, ते सांगायला नको.

खोक्यातली शेवटची डिस्क

सिनेमांच्या खाली एक पांढरी डिस्क होती. वर मार्करने आत्याचं नाव आणि 'लग्न'.

आमच्या गल्लीत पुन्हा पुन्हा बघितलं गेलं ते हेच. भारनियमन संपून लाइट आली की शेजारच्या काकू यायच्या, "लाव बरं ते लग्न." कोण कुठे बसलं होतं, कोणाची साडी कोणती, कोण रुसून कोपऱ्यात उभं होतं, सगळ्यांना पाठ. या डिस्कवर माझी आजी हळदीला जात्याजवळ बसून गाणं म्हणते. तिचा हलता-बोलता पुरावा एवढाच. ती २०१३ मध्ये गेली.

लॅपटॉपला ड्राइव्ह जोडून डिस्क लावली. फाइलींची तारीख दिसली १ जानेवारी २००२. आत्याचं लग्न तर २००९चं, पत्रिका अजून देवघरातल्या डब्यात आहे. स्टुडिओवाल्याच्या संगणकाचं घड्याळ बिघडलेलं असणार. आपल्या भाषेत ही साधनाची चिकित्सा: यंत्राने छापलेली तारीख म्हणून ती खरीच, असं धरायचं नाही, दुसऱ्या कागदाशी ताडून बघायचं.

मंगलाष्टकं चालली. जेवणाच्या पंगती चालल्या. हळदीचा भाग आला आणि चित्र थांबलं.

कारण मला समजत होतं, म्हणून जास्त वाईट वाटलं. विकत मिळणाऱ्या पिक्चरच्या डिस्कमध्ये खळगे साच्यातून दाबलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसरने तो जाळून नोंद करतात. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर हळूहळू खराब होतो. आमचा माळा पत्र्याखाली. एप्रिल-मे महिन्यात तिथे हात ठेववत नाही. सोळा उन्हाळे त्या डिस्कने तिथे काढले होते. विकतचे पिक्चर अजून चालतात, आणि ते नसले तरी जगात दुसरीकडे आहेत. आजीची डिस्क दुसरीकडे कुठे असणार?

पण असू शकते, हे आईला सुचलं. स्टुडिओवाले तेव्हा दोन-तीन प्रती द्यायचे. एक आत्याकडे गेली होती. आत्याला फोन केला. तिच्या घरी प्लेअर कधीच भंगारात गेला होता, डिस्क मात्र लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीत होती. तिच्या प्रतीत शेवटच्या पंगतीजवळ बिघाड आहे, हळद शाबूत. दोन्ही डिस्कवरून खराब भाग पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने प्रती काढल्या आणि एकीची तूट दुसरीतून भरली. जुन्या पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणारे अभ्यासक हेच काम करत आलेत, हे मला तेव्हा उमगलं.

तर मित्रांनो, विषय हवा असेल तर तुमच्या गावात हे करून बघा. दहा घरं घ्या. प्लेअर कधी आला, त्याआधी भाडं कोण घ्यायचं, पुन्हा पुन्हा काय बघितलं, डिस्क आता कुठे आहेत, एवढंच विचारा. डिस्क मिळाली तर घरच्यांची परवानगी घेऊन मूळ फाइली जशाच्या तशा उतरवा, लहान करू नका, आणि एक प्रत त्या घरी परत द्या. लवकर करा. पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या काही वाचता येणार नाहीत.

आजीचं गाणं आता आत्याच्या फोनमध्ये आहे. परवा तिने फोन केला आणि म्हणाली, "आज चारदा लावलं."