शाळा उघडल्या अकरा दिवस उशिरा

सप्टेंबर १९९३. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांची सुमारे दहा लाख मुले घरी बसून होती. कारण होते अ‍ॅस्बेस्टॉस. हे खनिज जळत नाही, उष्णता अडवते, म्हणून जुन्या शाळांत पाइप, बॉयलर आणि छतांसाठी ते सर्रास वापरले गेले. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले, तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

१९८६ च्या अमेरिकी कायद्याने सगळे उखडून टाका, असे सांगितले नव्हते. उखडतानाच धूळ उडते. म्हणून शाबूत असेल तिथे राहू द्या, पण नोंद ठेवा, दर तीन वर्षांनी तपासा आणि पालकांना नोंदी पाहू द्या, असा त्याचा रोख होता. न्यूयॉर्कमध्ये नेमकी ही तपासणीच बेभरवशाची निघाली. ऑगस्टमध्ये महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्या प्रशासनाने फेरतपासणी सुरू केली. शाळा ९ ऐवजी २० सप्टेंबरला उघडल्या आणि काही तर त्यानंतरही बंदच होत्या.

आपल्याकडेही अनेक शाळांवर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांतही बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा फुटला, तर मुलांना लांब ठेवावे, तुकडे ओले करूनच उचलावेत, कोरडा झाडू मारू नये. आणि कुठला पत्रा कधी फुटला, हे शाळेच्या वहीत खरे लिहावे.