काठोकाठच्या पाण्याचं कूळ

बेळगाव जिल्ह्यात खानापूर आणि लोंढा यांच्या मधलं स्टेशन म्हणजे गुंजी. उत्तरेला खानापुरातून मलप्रभा पूर्वेकडे निघते आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला जाते. दक्षिणेला लोंढ्याकडे गेलं की पांढरी नदी लागते. ती काळीला मिळते आणि तिचं पाणी कारवारला अरबी समुद्रात उतरतं. पाण्याचा असा फाटा जिथे फुटतो, त्या मुलखात एक प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने निघतो: नदी कुठपर्यंत आणि शेत कुठून? जमिनीचा उतारा एक सांगतो, जुलैमधलं पाणी दुसरंच सांगतं.

नदीने किती रुंद असावं, हे ठरवतं कोण? याचं आज जगभर मानलं जाणारं उत्तर असं: वर्षातले बहुतेक दिवस वाहणारं पाणी नाही आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा महापूरही नाही. दर एक-दोन वर्षांनी काठोकाठ भरून जाणारं पाणीच पात्र कोरतं, सांभाळतं. नद्यांना पुन्हा सावरण्याची आजची बरीच योजना याच विचारावर उभी आहे. या विचाराच्या मुळाशी जायचं तर पुण्याजवळच्या खडकवासल्याला जावं लागतं, आणि त्याच्याही आधी थोडं पंजाबात.

कारण सुरुवात नदीपासून नाही, पाटापासून झाली. इंग्रजांनी पंजाबात कालवे काढले आणि त्यांत गाळ साचू लागला. उतार कमी ठेवला की कालवा भरून यायचा, जास्त ठेवला की काठ खचायचे. १८९५ मध्ये रॉबर्ट केनेडी या इंजिनिअराने अपर बारी दोआब कालव्याचे जे भाग आपोआप स्थिरावले होते, त्यांची मापं घेऊन ना गाळ साचेल ना तळ खरवडेल असा वेग काढला. पुढे १९३० मध्ये जेराल्ड लेसी यांनी रुंदीचाही हिशेब मांडला: गाळाच्या जमिनीतल्या कालव्याची रुंदी पाण्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. पाणी चौपट झालं की रुंदी दुप्पट. कालव्यात हे जमलं, कारण तिथे पाणी जवळपास एकसारखं सोडलेलं असतं. नदी मे महिन्यात गुडघाभर, ऑगस्टमध्ये झाडाच्या शेंड्याला. तिच्या सूत्रात पाण्याचा कुठला आकडा घालायचा?

हा पेच सोडवायला बसले क्लॉड इंग्लिस. १८८३ मध्ये डब्लिनला जन्मलेले हे गृहस्थ १९०६ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले. १९१६ मध्ये इलाख्याने पुण्यात एक खास पाटबंधारे विभाग सुरू केला. इंग्लिस यांचं काम तिथेच रुजलं. त्याच विभागातून पुढे खडकवासल्याचं संशोधन केंद्र वाढलं. नीरेच्या पाटाखाली उसाच्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या होत्या, ते दुखणं या विभागाच्या पहिल्या कामांपैकी एक. आज ऊस आणि पाणी यांवर एवढं बोललं जातं, पण ही तक्रार शंभर वर्षांची आहे.

खडकवासला तलावाखाली पाण्याची ददात नव्हती. तिथे इंग्लिस यांनी उघड्यावर नद्यांच्या छोट्या प्रतिकृती करवल्या: वाळूचा तळ, मातीचे काठ, वरून मोजून सोडलेलं पाणी. सिंधू नदीवरचं सक्कर धरण १९३२ मध्ये सुरू झालं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्या धरणाच्या उजव्या काठच्या कालव्यांत वाळू शिरू लागली. प्रतिकृतीतून उमगलं ते असं: वळणावर वरचं स्वच्छ पाणी बाहेरच्या काठाला लोटलं जातं, तळातलं वाळूचं पाणी आतल्या काठाकडे सरकतं. मग कालव्यांच्या तोंडाशी येणारा प्रवाह मुद्दाम असा वळवला, की कालवे बाहेरच्या काठावर येतील. वाळूशी झगडण्याऐवजी नदीच्या वळण्याच्या स्वभावाचाच उपयोग केला. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत आवडतो.

या प्रयोगांतून दिसलं, की नदीच्या नागमोडी वळणांची लांबीही पाण्याच्या वर्गमुळाच्या मागे जाते. मग पुन्हा तोच प्रश्न, कुठलं पाणी? इंग्लिस यांनी उत्तर दिलं: ज्या प्रवाहाला पात्र बदलायची ओढ सर्वांत कमी, तोल सर्वांत जवळ, तो प्रवाह. त्याला त्यांनी डॉमिनंट डिस्चार्ज म्हटलं. आपण घडवतं पाणी म्हणू. ते पात्र काठोकाठ भरण्याच्या आसपासचं निघालं. वर्षानुवर्षांचं हे काम १९४९ मध्ये त्यांच्या मोठ्या ग्रंथात एकत्र आलं. तोवर ते इंग्लंडला परतून तिथल्या जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले होते.

घाटमाथ्याच्या माणसाला इंग्लिस आणखी एका कारणाने जवळचे वाटावेत. डिसूझा या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पावसातून नदीत पाणी किती येतं याची सूत्रं काढली: सह्याद्रीसाठी एक, पठारासाठी दुसरं. घाटात ३०० सेंटिमीटर पाऊस पडला तर त्यातला सुमारे २२५ वाहून नदीला मिळतो. पठारावर ६० पडला तर जेमतेम १०. कणकुंबीच्या माऊली मंदिराजवळ उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीपर्यंत जाते म्हणजे पहिल्या सूत्रातून दुसऱ्या सूत्रात जाते. नदीचं बहुतेक पाणी वरच्या थोड्या मुलखाचं, शेती मात्र खालच्या लांबलचक मुलखाची.

पुढची गोष्ट अमेरिकेत घडली. लिओपोल्ड आणि वोल्मन या नदी-अभ्यासकांनी १९५७ मध्ये दाखवलं, की तिथल्या अनेक नद्या साधारण दीड वर्षातून एकदा काठोकाठ भरतात. १९६० मध्ये वोल्मन आणि मिलर यांनी म्हटलं, गाळ वाहण्याचं बहुतेक काम असे मधले, वरचेवर येणारे पूरच करतात. पुढे बिघडवलेल्या नद्या सावरण्याची कामंही निघाली. फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ मध्ये सरळ कालवा करून टाकली होती. तिच्या काही भागाला जुनी वळणं परत देण्याचं काम २०२१ मध्ये संपलं. ऑस्ट्रेलियात ब्रायर्ली आणि फ्रायर्स यांनी नदीचा प्रत्येक टप्पा आधी ओळखा, मग हात लावा, अशी पद्धतच बसवली.

आता मलप्रभेकडे. १९७० च्या दशकात सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या खिंडीत धरण झालं, क्षमता ३७.७३ टीएमसी. पाऊस ओढ देतो त्या वर्षी ते भरत नाही आणि खाली काठोकाठचं पाणी जात नाही. एकदा ते पाणी थांबलं की पुढचं सगळं लेसींच्या हिशेबाने होतं. पात्र आखडतं. काठाला माती धरते, तिच्यावर वेडी बाभूळ, मग माणूस, मग ऊस. अतिक्रमण म्हणून शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे, पण आधी नदी स्वतः मागे सरकलेली असते. ती मोकळी पडलेली जागा कुणी ना कुणी पेरणारच.

ऑगस्ट २०१९ मध्ये घाटात पाऊस कोसळला, धरण भरलं आणि दरवाजे उघडले. आखडलेल्या पात्रात ते पाणी मावलं नाही. रामदुर्ग, नरगुंद, बदामी तालुक्यांतली गावं बुडाली. पट्टदकलच्या मंदिरांतही पाणी शिरलं. सातव्या-आठव्या शतकातल्या त्या स्थपतींनी नदीचा काठ बघूनच जागा निवडली असणार. त्यांच्या काळच्या नदीवर धरण नव्हतं.

अमेरिकी दीड वर्षाचं माप मात्र इथे जसंच्या तसं लावून चालत नाही. पुणे विद्यापीठातल्या विश्वास काळे यांनी दख्खनच्या नद्यांवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या कामातून दिसतं, की तापीसारख्या खडकात खोल गेलेल्या नदीत बारीक गाळ मधले पूर नेतात, पण जाड खडी हलवायला मोठा पूरच लागतो. मलप्रभेचे डोंगराळ, खडकाळ टप्पे आणि खालची काळ्या मातीची पात्रं यांना एकच आकडा देणं म्हणूनच चूक.

गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला मलप्रभेत वळवायला ३.९ टीएमसी दिले, कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरा नाल्यातून २.१८. गोवा आणि कर्नाटक या दशांशांवर भांडतात. ते पाणी कधी, किती जोराने सोडलं तर नविलुतीर्थाखालचं पात्र पुन्हा रुंदावेल, हे या बेरजेत कुठेच येत नाही. त्यासाठी आधी खाली जाऊन टप्प्याटप्प्याने काठ, तळ आणि खडी मोजावी लागेल, मग धरणातून अधूनमधून काठोकाठचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक करावं लागेल, आणि त्या दिवशी ज्यांचा ऊस पाण्यात जाईल त्यांच्या भरपाईची रक्कम आधी ठरवावी लागेल.