आगमनकाळ: नाताळाआधीच्या प्रतीक्षेत ‘आनंदाचा रविवार’ कशासाठी?

डिसेंबर लागला की दुकानांत चांदण्या आणि सांताच्या टोप्या दिसू लागतात, फोनवर ‘मेरी ख्रिसमस’ सुरू होतं. चर्चच्या पंचांगात मात्र तेव्हा नाताळ लागलेला नसतो. तो 24 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो. त्याआधीचे दिवस आगमनकाळाचे, म्हणजे ‘अ‍ॅडव्हेंट’चे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘येणे’.

कधी असतो?

30 नोव्हेंबरला संत अंद्रियाचा सण असतो. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. त्यामुळे पहिला दिवस 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये येतो आणि काळ 22 ते 28 दिवसांचा होतो.

चार मेणबत्त्या कुठून आल्या?

जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विकर्न हे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी येणार, असं मुलं रोज विचारत. तेव्हा 1839 मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: वारांसाठी लहान लाल, रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या. रोज एक पेटवायची. पुढे चारच उरल्या. कॅथलिक चर्चमध्ये आता बहुधा तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते.

गुलाबी का?

जांभळा रंग पश्चात्तापाचा. पूर्वी या काळात उपवासही कडक असत. तिसऱ्या रविवारी त्यात थोडी ढील मिळे, म्हणून रंगही फिका. या दिवसाचं लॅटिन नाव ‘गौदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. हे शब्द पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातले आहेत, आणि ते पत्र त्याने कैदेत असताना लिहिलं. हे लक्षात घेतलं नाही तर हा रविवार नुसता सजावटीचा वाटतो.

कॅथलिक चर्चमध्ये वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं. त्यातल्या पहिल्या वर्षी (उदाहरणार्थ 14 डिसेंबर 2025) या दिवशी आणखी एक कैदी भेटतो: बाप्तिस्मा करणारा योहान. तुरुंगातून तो येशूकडे निरोप पाठवतो, की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? आनंदाच्या दिवशी शंकेचा उतारा! चर्चने तो मुद्दाम तिथे ठेवला आहे, असंच म्हणावं लागेल.

त्याच दिवशी याकोबाच्या पत्रातला शेतकरीही येतो, पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी धीर धरणारा. हा उतारा शिरूर तालुक्यात समजावून सांगावा लागत नाही. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा पट्टा कमी पावसाचा. महागणपतीचं रांजणगाव आता एमआयडीसीमुळेही ओळखलं जातं, पण भोवतालच्या शेतकऱ्याची नजर आभाळाकडे असतेच. पेरणी झाली, पाऊस आलेला नाही आणि तरी माणूस बांधावर जातो. पत्रातला धीर याच जातीचा आहे.

मराठी मातीत

या भागात प्रोटेस्टंट परंपरा अहमदनगरहून आली. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये तिथे काम सुरू केलं आणि पुढे शिरूरलाही केंद्र उघडलं. त्याच परिसरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (निधन 1919) ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनं रुजवली. त्यामुळे इथली प्रतीक्षा टाळ-मृदंगावरही गायली जाते. सगळ्या मंडळ्या आगमनकाळ पाळतात असं मात्र नाही. अनेक पेन्टेकोस्टल मंडळ्या थेट नाताळच साजरा करतात.

घरात दुःख असेल तर?

ज्या वर्षी घरात मयत झालं, त्या वर्षी सण करायचा नाही, ही रीत महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीची. अशा घराला ‘आनंद करा’ म्हणणं टोचू शकतं. पण ख्रिस्ती शिकवणीतला हा आनंद म्हणजे हसरा चेहरा किंवा मौज नव्हे. देव दुःखात सोबत आहे, या भरवशाला तो शब्द आहे, आणि तो रडण्याच्या आड येत नाही. परदेशांत काही चर्चमध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी शांत उपासना ठेवतात. तिथे गाणी कमी, दिवे मंद, आणि गेलेल्यांची आठवण.

2026 मध्ये आगमनकाळ 29 नोव्हेंबरला सुरू होईल आणि आनंदाचा रविवार 13 डिसेंबरला येईल.